पाटीवर नसलेलं नाव

दरवर्षी ३ मे ही तारीख आली, की कुठे ना कुठे दादासाहेब फाळक्यांची आठवण निघते. १९१३ साली याच दिवशी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. आम्हा नाशिककरांना त्याचा अभिमान जरा जास्तच. फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे. ‘हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला आणली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी इथेच त्यांचं निधन झालं. अंबडमध्ये राहणाऱ्यांना तर पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक म्हणजे शेजारच. पाहुणे आले की लेणी चढायची, खाली स्मारकात फिरायचं, मुलांचे फोटो काढायचे, हा ठरलेला कार्यक्रम.

पण मैत्रिणींनो, एक विचारू? फाळक्यांचा एखादा सिनेमा आपल्यापैकी किती जणींनी पाहिलाय? पुतळ्याला हार घालणं वेगळं आणि त्या माणसाचं काम डोळ्यांनी बघणं वेगळं. आणि आता तर ते अवघडही राहिलेलं नाही. त्यांचा ‘कालिया मर्दन’ हा १९१९ चा मूकपट मोबाइलवर फुकट बघता येतो. तासाभराच्या आत संपतो. एका मालिकेच्या दोन भागांएवढाच वेळ!

हाच सिनेमा मी मुद्दाम सुचवतेय. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले, पण त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच धडपणे उरलेत. ‘राजा हरिश्चंद्र’चेही आज तुकडेच बघायला मिळतात. ‘कालिया मर्दन’ मात्र बऱ्यापैकी सलग बघता येतो, याचं श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि ते उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्या चिकाटीला. शिवाय तो नाशिकच्याच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. म्हणजे आपल्या गावचाच की!

मूकपट बघायची सवय नसली की पहिली पाच मिनिटं जरा जड जातात. चित्रावर ओरखडे, माणसं भरभर चालणारी, मधेच अक्षरांची पाटी. टीव्हीवर आपण निम्मी मालिका कानांनीच ऐकतो. भाजी निवडता निवडता, कणीक मळता मळता. इथे ती सोय नाही. नजर हलली की गोष्ट निसटली. पूर्वी थिएटरात पेटी-तबलेवाले बसायचे, त्यांच्या साथीवर खेळ चालायचा. आपण हवं तर बघावं अगदी शांतपणे. पाच मिनिटांनी डोळे सरावतात आणि मग गंमत सुरू होते.

सिनेमाच्या सुरुवातीलाच एक लहान मुलगी पडद्यावर येते. हसते, रुसते, रागावते, घाबरते. एकामागून एक नुसते चेहऱ्यावरचे भाव. जणू ती म्हणतेय, आधी मला बघून घ्या, मग माझा कृष्ण बघा. ही मंदाकिनी, फाळक्यांची मुलगी. वय जेमतेम सात-आठ वर्षांचं. बघता बघता तीच बाळकृष्ण होऊन समोर उभी राहते. तो काळ आठवा. पुरुष साडी नेसून बाईची कामं करत होते. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं केली होती. अशा दिवसांत एका बापानं आपल्या मुलीला देवाची भूमिका दिली आणि प्रेक्षकांना आधीच दाखवून दिलं, की बघा, ही मुलगी आहे.

मग सुरू होतो गोकुळातला धुमाकूळ. एक बाई कृष्णाच्या अंगावर पाणी उडवते, त्याचा वचपा म्हणून सवंगड्यांसह तिच्या घरी लोण्यावर डल्ला. रात्री एका श्रीमंत जोडप्याच्या खोलीत शिरून नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवणं! आम्ही भिशीच्या बायकांनी मोबाइल टीव्हीला जोडून हा सिनेमा बघितला, तेव्हा या प्रसंगाला हसू आवरेना. शंभर वर्षांपूर्वीचा विनोद, एकही शब्द नाही, आणि तरी हसायला येतं. शेवटी डोहातली उडी, पाण्यातली झुंज, दया मागणाऱ्या नागपत्नी आणि फण्यावर नाचणारा कृष्ण. संगणकावरच्या करामती बघून बघून आपले डोळे निबर झालेत, तरीही त्या चिमुरडीचा नाच बघताना मन भरून येतं.

आता यापुढचं जे सांगायचंय, ते पडद्यावर दिसत नाही.

१९११ मध्ये फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांना असं पडद्यावर आणायचं वेड त्यांनी घेतलं. आयुष्याचा विमा गहाण टाकून १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले, कॅमेरा आणि यंत्रं घेऊन आले. भांडवलासाठी पुढे घरातले दागिनेही गेले. ते दागिने अर्थातच त्यांच्या पत्नीचे, सरस्वतीबाईंचे.

सरस्वतीबाई म्हटलं की इथपर्यंतचीच गोष्ट सांगितली जाते. दागिने दिले, साठ-सत्तर माणसांना रांधून घातलं, नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. सगळं खरंच आहे. पण त्या आणखी काय करत होत्या ते बघा. त्या काळी सिनेमाची कच्ची फिल्म कोरी यायची. तिच्या दोन्ही काठांना भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात पुढे सरकायची नाही. ही भोकं पाडायला सरस्वतीबाई शिकल्या. अंधाऱ्या खोलीत, हाताने चालवायच्या यंत्रावर. फिल्म कॅमेऱ्यात भरायला शिकल्या, रसायनांत धुवायला शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परतवायला पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहिल्या.

जरा गणित करून बघू. एक फूट फिल्ममध्ये सोळा चित्रं मावतात. प्रत्येक चित्राला एका काठावर चार भोकं, म्हणजे फुटाला चौसष्ट. दोन्ही काठ धरले तर एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सांगितली जाते ३,७०० फूट. गुणाकार केला तर भोकं होतात ४ लाख ७३ हजार ६००! यंत्राच्या एका दाबात चार पडोत की आठ, एवढी लांब पट्टी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही अशा अंधारात सरळ धरून सरकवायची. एक भोक तिरकं गेलं की फिल्म अडकणार, चित्र थरथरणार. बाईचा हात चुकला असता तर राजा हरिश्चंद्र सिंहासनावरच डुगडुगला असता.

आणि इथेच मला आपल्या नेहमीच्या भाषेबद्दल तक्रार करायची आहे. सरस्वतीबाईंच्या या सगळ्या कामाला आपण एकच शब्द लावतो – त्याग. ‘केवढा त्याग केला त्या माऊलीनं!’ ऐकायला बरं वाटतं. पण दागिने देणं हा त्याग असेल, अंधारात अचूक भोकं पाडणं याला त्याग कसं म्हणायचं? ते कसब आहे. जी गोष्ट देशात जवळजवळ कुणालाच येत नव्हती, ती शिकून रोज बिनचूक करणाऱ्या माणसाला तंत्रज्ञ म्हणतात. कॅमेरा चालवणारा पुरुष कारागीर आणि त्याच कॅमेऱ्यातली फिल्म तयार करणारी बाई त्यागमूर्ती, हा हिशेब मला पटत नाही. त्यागमूर्ती म्हटलं की हात जोडले, विषय संपला. तिचं नाव पाटीवर लिहायची गरज उरत नाही, मोबदल्याचा प्रश्न तर दूरच.

पडद्यावर आलेल्या बायकांचं निदान नाव तरी राहिलं. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये १९१३ साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी उभ्या राहिल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या, कमलाबाई मोहिनी. सिनेमात काम करणाऱ्या या पहिल्या भारतीय स्त्रिया. विक्रम गोखले यांच्या त्या पणजी आणि आजी, त्यामुळे अनेकींना ठाऊकही असतील. पडद्यामागच्या सरस्वतीबाईंची ओळख मात्र बऱ्याच जणांना झाली ती परेश मोकाशी यांच्या २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे. मधे जवळजवळ शंभर वर्षं गेली.

त्या सिनेमाच्या नावामागची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तेव्हा सिनेमात काम करणं कमीपणाचं समजलं जायचं. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगायचे, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा! हे वाचलं की मला आमचं अंबड आठवतं. इथे फॅक्टऱ्यांना काय तोटा? मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्यानं चालणारे कितीतरी लहान गाळे. दोन लेथ, एक ड्रिल, चार कामगार. पाटीवर नाव मालकाचं. आणि आत जाऊन बघावं तर मालकीणबाई सुट्या भागांची बर काढतायत, मोजून पिशव्या भरतायत, चलन लिहितायत, उधारीसाठी फोन करतायत. कामगारांच्या चहाचं बघणं आहेच. जनगणनेवाला दारात आला आणि काय करता विचारलं, की उत्तर तयार – ‘काही नाही, घरीच असते.’

आमच्या भिशीतली एक जण अशीच. सिनेमा संपल्यावर मी सरस्वतीबाईंचं हे भोकांचं काम सांगितलं, तर ती पटकन म्हणाली, ‘अगं, मग मीपण तेच करते की! आमचे हे मशीन चालवतात, पण माल पास होतो तो माझ्या हातून.’ बाकीच्या हसल्या. ती मात्र हसत नव्हती. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं आपल्या कामाला काम म्हटलं असावं, असं मला वाटलं.

नावाचा प्रश्न नुसता मानापानाचा नसतो, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे त्यातूनच लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं, असाही निर्णय आपल्या राज्यात झाला. शेतात झालं, जन्मदाखल्यावर झालं, मग धंद्याच्या कागदांवर का नको? भागीदारीच्या कागदावर, बँकेच्या खात्यावर आपलं नाव आहे का, ही चौकशी प्रत्येकीनं करावी. नवऱ्यावर अविश्वास म्हणून अजिबात नाही. उद्या त्याला काही झालं, कर्ज काढायची वेळ आली, तर ‘घरीच असते’ म्हणणाऱ्या बाईला बँक दारात उभी करत नाही, म्हणून.

काही जणी म्हणतील, एक जुना सिनेमा बघायला सांगता सांगता तुम्ही कुठे पोचलात! पण चांगला सिनेमा बघणं म्हणजे तरी काय? तो कुणी केला, कसा केला, कुणाचे हात लागले हे कळलं की पुढच्या वेळी तोच सिनेमा जास्त रंगतो. ‘कालिया मर्दन’ दुसऱ्यांदा बघताना माझी नजर कृष्णावरून फिल्मच्या काठांकडे जात होती. तिथली भोकं पडद्यावर दिसत नाहीत, पण चित्र जिथे जिथे सुरळीत सरकतं, तिथे मला सरस्वतीबाई आठवत होत्या. १९१९ पर्यंत कंपनी मोठी झाली होती, भागीदार आले होते. तरी या सगळ्या कारभाराची सुरुवात एका घरातल्या अंधाऱ्या खोलीत झाली होती, हे विसरता येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं कराच. पुढच्या भिशीला, महिला मंडळाच्या बैठकीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना जमवून ‘कालिया मर्दन’ लावा. आवाज नाही, त्यामुळे झोपलेल्या बाळाचीही अडचण नाही. मुलांना आधी सांगा, कृष्ण झालीय ती मंदाकिनी. आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी, ‘दादासाहेब फाळके यांचा चित्रपट’ म्हणताना त्याला जोडूनच म्हणा – फिल्म तंत्रज्ञ, सरस्वतीबाई फाळके.