उत्तर एक, रूपें दोन

गेल्या रविवारीं नातवानें संगणकावरील ‘सिम्पाय’ नांवाची बीजगणित करणारी प्रणाली मला दाखविली. यंत्र अंकांचे गुणाकार करतें, याचें आतां कोणास नवल नाहीं. परंतु तें अक्षरांची राशि पोटांत कशी ठेवीत असेल, हें कुतूहल मला होतें.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस तें लवकर उमगेल. ‘राजपुरुष’ हें दिसावयास एक पद. विग्रह केला कीं ‘राज्ञः पुरुषः’ हा संबंध उघड होतो. यंत्रहि राशीचा असाच विग्रह करून तिचा वृक्ष मांडतें. २क्ष + ३ या राशींत ‘बेरीज’ हें मूळ. त्याच्या एका फांदीवर ३, दुसरीवर ‘गुणाकार’, आणि गुणाकाराच्या डहाळ्यांवर २ व क्ष. कोणती क्रिया आधीं, हें वृक्षाची ठेवणच सांगते. कंस लागत नाहींत. वजाबाकी व भागाकार यांस तर तेथें स्वतंत्र स्थानच नाहीं. क्ष − य म्हणजे क्ष मध्यें य ची −१ पट मिळविणें. क्ष ÷ य म्हणजे क्ष ला य च्या −१ व्या घातानें गुणणें.

मग (क्ष + १)² आणि क्ष² + २क्ष + १ हीं समान आहेत काय, असें मीं नातवाकरवीं विचारलें. ‘असत्य’ असा शेरा आला! मी चमकलों. नातू म्हणाला, “आजोबा, तें नुसते वृक्ष ताडून पाहतें. एकाचें मूळ घात, दुसऱ्याचें बेरीज. मूल्य पाहावयाचें तर एकांतून दुसरें वजा करून संक्षेप करावयास सांगावें. शून्य आलें कीं झालें.” हें शून्य ओळखणेंहि सर्वत्र साधत नाहीं. साइन, घातांकी फल, निरपेक्ष मूल्य इत्यादींनीं बनलेल्या राशींसाठीं तशी सदैव अचूक रीत असूंच शकत नाहीं, असें रिचर्डसन या गणितज्ञानें १९६८ मध्यें सिद्ध केलें.

तें ऐकतांना मला एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. साडेबावीस अंशांच्या कोनाचें टॅन काढावयाचें होतें. पुस्तकांतील उत्तर √२ − १. मुलानें लिहिलें होतें १/(√२ + १). मीं तांबडी फुली मारली. “गुरुजी, हें चूक कां?” असें त्यानें विचारलेंहि होतें. “पुस्तकांत तसें नाहीं,” एवढेंच मीं म्हटलें. अंश व छेद यांस √२ − १ नें गुणलें असतें, तर एका ओळींत दोन्ही एकच ठरतीं. तेवढी ओळ मीं लिहिली नाहीं, आणि त्या मुलाचे गुण गेले ते गेलेच.

घरीं मुलांचीं गणितें तपासणाऱ्या वडील मंडळींस म्हणून एवढीच विनंती: उत्तर निराळें दिसलें, तर फुली मारण्यापूर्वीं एकदां वजाबाकी करून पाहावी.