कानांची तालीम

गाणाऱ्याने तालीम करावी हे सर्वांना पटते. ऐकणाऱ्यानेही करावी असे कोणी म्हटले, तर लोक हसतात. कान तर जन्मतःच लाभलेले, त्यांना काय शिकवायचे? परंतु आवाज कानांवर पडणे आणि तो ऐकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बाजारात मडके घेणारी गृहिणी त्यावर टिचकी मारते आणि डोळ्यांना न दिसणारा तडा ओळखते. तिचा कान उपजत तसा नव्हता. कित्येक मडकी वाजवून तो तयार झाला.

जाणत्या श्रोत्याला मराठीत तानसेनाच्या धर्तीवर ‘कानसेन’ म्हणतात. उत्तम गाणे बहुधा राजेरजवाड्यांच्या पदरी असे, त्या काळात विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते तिकीट लावून सर्वांसाठी खुले केले आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. प्रत्येक विद्यार्थी गवई होणार नाही, हे ते जाणून होते. समाजात चांगले श्रोते घडावेत, हेही त्यांना तितकेच मोलाचे वाटे. पुढे त्यांनी नाशिकला आश्रम काढला. याच नाशिकात १९२१ साली त्यांचे पुत्र दत्तात्रेय जन्मले. तेही थोर गायक झाले. पण अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली, ते निवर्तले.

कानांच्या तालमीला दत्तात्रेयांचे गाणे फार सोयीचे आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्यात राग उभा करावा लागे. असे गाणे दहा वेळा ऐकता येते, आणि दहा गाणी एकेकदा ऐकण्यापेक्षा त्याचा लाभ अधिक! १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ या चित्रपटातील जुगलबंदी घ्यावी. तीत तानसेनासाठी अमीर खाँ गायले आहेत, तर बैजूसाठी पलुस्कर. पहिल्या खेपेस फक्त दोन गळे वेगळे करावेत : एक भारदस्त, दुसरा मोकळा व निर्मळ. दुसऱ्या खेपेस शब्द सोडून हाताने ताल धरावा आणि लय कोठे वाढते ते पाहावे. मग एकाच्या तानेला दुसरा काय उत्तर देतो, तिकडे लक्ष द्यावे. प्रत्येक खेपेस प्रश्न मात्र एकच असावा.

रागाचे नाव चटकन सांगणारा तोच जाणकार, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूप गंधाराशी रमतो, तर देशकार धैवताशी. पुस्तकात ही माहिती एका ओळीत मिळते. ती कानाला पटायला मात्र महिने लागतात, आणि ते महिने कोणालाही टाळता येत नाहीत.

आज फोनवर गाणे दिवसभर वाजते; जेवताना, अभ्यास करताना, प्रवासातही. अशाने कान न ऐकण्यास सरावतो. याची झळ गवयालाही लागते. ज्या सभेत केवळ वेगवान तानेला टाळ्या पडतात, तेथे तो हळुवार जागा घेईनासा होतो. कारण ती कोणाच्या ध्यानीच येत नाही. उलट, अशा जागेला नेमकी मान हलवणारे दोघे जण जरी समोर बसलेले असले, तरी उरलेली सारी मैफल तो त्यांच्याकडे पाहून गातो.