चाचणीची पावती आणि बुडालेली मजुरी

हृदयाची झडप बदललेला एक यंत्रमाग कामगार दर महिन्याला विट्याहून सांगलीस जातो, हे मी गेली काही वर्षे पाहत आहे. पहाटेची एस. टी., सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास, रक्त देणे, अहवालाची वाट पाहणे, गोळीचे प्रमाण ठरवून घेणे आणि दिवेलागणीस परतणे, यात त्याचा दिवस जातो. चाचणीची पावती लहानशा रकमेची असते. पण त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कोणत्याच पावतीवर लिहिलेली नसते. एखादा महिना त्याने चुकविला की शेजारीपाजारी त्याला निष्काळजी म्हणतात. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मला मात्र त्यात पोटाचा हिशेब दिसतो.

कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिन किंवा असिनोकुमॅरॉलची गोळी जन्मभर घ्यावी लागते. प्रमाण कमी पडले तर गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. जास्त झाले तर रक्तस्राव. आहारातील पालेभाजी किंवा दुसऱ्या आजाराचे औषध एवढ्यानेही गोळीचा परिणाम बदलतो. म्हणून रक्त गोठण्याचा वेळ पुनःपुन्हा मोजावा लागतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली आयएनआर हे समान माप स्वीकारले. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. झडप बदललेल्यांत तो बहुधा २ ते ३.५ च्या दरम्यान राखावा लागतो.

ही चाचणी आता घरी करता येते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला की हातात मावणारे यंत्र थोड्याच वेळात आकडा दाखविते. जर्मनीत १९८० च्या दशकापासून रुग्णांना ही विद्या शिकविली जात आहे. अमेरिकेत मेडिकेअर योजनेने २००२ पासून कृत्रिम झडपेच्या रुग्णांसाठी तिचा खर्च उचलला. २०१६ साली २८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. स्वतः चाचणी करणाऱ्यांत गुठळीचे आघात जवळजवळ निम्म्यावर आले, मोठे रक्तस्राव मात्र घटले नाहीत, असे त्यात आढळले. उलट अमेरिकेतील माजी सैनिकांवरील २०१० च्या अभ्यासात, दवाखान्यातच दरमहा उत्तम देखरेख असलेल्यांशी तुलना करता, घरच्या चाचणीने पक्षाघात, रक्तस्राव वा मृत्यू यांत लक्षणीय फरक पडला नाही. माझ्या मते याचा अर्थ स्पष्ट आहे. नियमित चाचणी आणि तिचा अर्थ सांगणारे जाणते माणूस, ही खरी गरज आहे. यंत्र हे तिचे साधन.

चाचणीची गरज नसलेली नवी औषधे आली असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. परंतु कृत्रिम झडपेच्या रुग्णांवरील डॅबिगॅट्रानचा प्रयोग धोका दिसताच थांबवावा लागला, हे २०१३ मध्ये जाहीर झाले. संधिज्वराने झडप बिघडून हृदयाची लयही बिघडलेल्यांत रिव्हरोक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीनेच मृत्यू कमी झाले, असे २०२२ च्या अभ्यासाने दाखविले. संधिज्वर हा दाटीवाटीच्या घरांतून, उपचार न झालेल्या घशाच्या संसर्गातून येणारा, मुख्यतः गरिबांचा आजार. म्हणजे चाचणीतून सुटका झाली ती इतरांची. ज्याची मजुरी बुडते तो मात्र तिच्याशी बांधलेलाच राहिला.

यंत्राची किंमत हजारोंच्या घरात, प्रत्येक पट्टीची शेकड्यांत. घरोघरी ते विकत घ्या, असे कामगाराला सांगणे ही थट्टा ठरेल. ते गावाच्या मालकीचे असावे. विट्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एकेक यंत्र, चाचणी करणारी प्रशिक्षित परिचारिका आणि दूरध्वनीवर गोळीचे प्रमाण सांगणारा डॉक्टर, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात राहणाऱ्या आपल्या गरजू रुग्णांना स्वतंत्र यंत्र द्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झडपेचा भार उचलते. जन्मभराच्या चाचणीचा भारही शासनाने उचलावा. २०१७ साली स्टेंटच्या किमतीला सरकारने मर्यादा घातली. तशी ती पट्टीलाही घालता येईल. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा या सार्वजनिक संस्थेने बनविलेली स्वदेशी झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसविली गेली. ज्या देशाने झडप घडविली त्याला पट्टी जड जाऊ नये.

याच खानापूर तालुक्यात १९८० च्या दशकात येरळेवर बळीराजा धरण उभे राहिले, तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळावा, असा आग्रह धरला गेला. तोच न्याय येथेही हवा. साथींनी आपापल्या गावांत या गोळ्या घेणाऱ्यांची, त्यांच्या संमतीने, नोंद करावी; चाचणीसाठी त्यांचे किती दिवस आणि किती मजुरी जाते ते लिहून घ्यावे आणि तो हिशेब जिल्हा परिषदेपुढे ठेवावा. पावतीवर न लिहिलेला खर्च कोणीतरी लिहिल्याशिवाय सरकारला दिसणार नाही.