कार्ड एक, हात अनेक

पर्यटन-जहाजावर रोख पैशाला सहसा थारा नसतो. खोलीचे दार उघडणारे कार्डच तेथे पेयापासून खरेदीपर्यंतच्या हिशोबाला चालते. ते प्रवाशाच्या खिशातून सेवकाच्या हाती जाते, यंत्रातून फिरते आणि परत येते. त्याच हाताने पुढचा पेला भरला जातो.

ही बाब क्षुल्लक नव्हे. उलट्या-जुलाबाची साथ आणणारा नोरोव्हायरस कठीण पृष्ठभागावर दिवसचे दिवस तग धरतो आणि त्याचे मोजके कणही माणसाला अंथरुणास खिळविण्यास पुरतात. भोजनगृहाच्या दारी ठेवलेल्या अल्कोहोलयुक्त द्रवाला तो फारशी दाद देत नाही. त्याला साबण व वाहते पाणीच हवे. अमेरिकेच्या जहाज-आरोग्य व्यवस्थेत ३ टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की साथीची जाहीर नोंद होते. त्या नोंदीत कर्मचाऱ्यांचीही गणना होते, हे विसरता कामा नये.

कारण अशा जहाजांवर आमचे अनेक गोमंतकीय तारवटी राबत आहेत. प्रवाशाने सेवकाच्या हाताकडे संशयाने पाहावे, हे आम्हांस मान्य नाही. रोग दोन्ही दिशांनी प्रवास करतो आणि दिवसभर परक्यांची कार्डे हाताळणाऱ्याला त्याचा धोका कमी नाही. कार्ड प्रवाशानेच यंत्राला लावावे, सेवकाला हात धुण्याची उसंत मिळावी आणि आजारपणात त्याचा पगार कापला जाऊ नये. पोटाच्या भयाने जो आजार लपविला जातो, तो कोणत्याही साबणाने धुतला जात नाही.