‘गुप्त’ कुणापासून?

मंडळी, आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील. पुतण्या-भाच्यांनो, तुमची सत्तरी ओलांडलेली काकू असल्या विषयावर लिहिते म्हणून लाजू नका. चाळीस वर्षांच्या आतल्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच!

माझा राग एका शब्दावर आहे. गुप्तरोग. रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर मूळव्याध-भगंदराच्या शेजारी चुन्याने रंगवलेला असतो तो. मी मराठीची बाई, डॉक्टर नव्हे. पण शब्द माणसाचं काय करतात ते मला कळतं. ‘गुप्त’ म्हटलं की रोग लपवायचा, आणि लपवला की तो पसरलाच.

या रोगाची नावं तरी पाहा. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात भावमिश्राने त्याला ‘फिरंग’ म्हटलं, म्हणजे फिरंग्यांकडून आलेला. तिकडे युरोपात इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच म्हणत नेपल्सचा! प्रत्येकाला तो शेजाऱ्याचाच वाटे. आपण आज वेगळं काय करतो? ‘आपल्यासारख्या घरांत असलं होत नाही’ हे वाक्य त्याच जातीचं आहे.

होतं, बरं का! जिवाणू घराणं विचारत नाही. गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया हे तिन्ही जिवाणूंचे रोग. निरोधाशिवाय संबंध, एकाहून अधिक जोडीदार, आणि त्यातही एकाच काळात दोन-तीन ठिकाणी नाती, यांनी धोका वाढतो. हे वर्तनाचं गणित आहे, चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. जिने जन्मात नवऱ्याखेरीज कुणाला स्पर्श केला नाही, तिलाही नवऱ्याकडून लागण होते. म्हणून ‘एकनिष्ठ राहा’ हा उपदेश चांगला असला तरी अर्धाच आहे. एकाने पाळून काय उपयोग?

आणि भोगतं कोण? परमा आणि क्लॅमिडिया बाईला झाले तर बहुतेक वेळा काही लक्षणच दिसत नाही. आत मात्र गर्भनलिकांना सूज येते, त्या बुजू शकतात. मग मूल होत नाही, आणि घरदार तिला वांझ म्हणून मोकळं होतं. रोग आणला एकाने आणि शिक्षा दुसरीला! गरमीची पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरून येते. माणसाला वाटतं, बरं झालं. रोग अंगातच असतो. गरोदर बाईकडून तो पोटातल्या बाळाला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली जगात जन्मजात सिफिलिसच्या सुमारे ७ लाख घटना घडल्या. वेळेवर रक्त तपासलं आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं तर हे टळतं. औषध जुनं आहे, स्वस्त आहे. आड येते ती आपली लाज.

लाजेपायी माणूस औषधाच्या दुकानात जाऊन हळूच गोळ्या मागतो. चार खाल्ल्या, बरं वाटलं, सोडल्या. असल्या मनमानी वापराने जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. परम्याच्या जिवाणूने तर एकामागून एक औषधं निकामी करून दाखवली आहेत. शिवाय बायकोला सांगितलेलंच नसतं, म्हणून बरा झाल्यावर तिच्याकडून पुन्हा लागण! उपचार दोघांनी एकदम घ्यायचे असतात.

‘सांगितलं की मुलं बिघडतात’ हा आक्षेप आता येईलच. २००७ साली याच भीतीपोटी महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षण बंद पाडलं गेलं. युनेस्कोने २०१८ साली जगभरच्या अभ्यासांच्या आधारे सांगितलं, की अशा शिक्षणाने मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत. आपण मात्र प्रजननसंस्थेचा धडा आला की ‘हा घरी वाचा’ म्हणून पान उलटतो. घरी कोण वाचून दाखवतं?

याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. खटले सोसले, पण बोलायचं थांबले नाहीत. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! आपण त्यांच्यावरचे नाटक-सिनेमे पाहून टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन गप्प बसतो.

असो. सांगायचं ते एवढंच. लग्न ठरवताना छत्तीस गुण जुळवता, तिथे दोघांच्या रक्ताची तपासणीही करा. शंका आली तर भिंतीवरच्या जाहिरातीकडे न जाता सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जा, तिथे सल्ला आणि उपचार मोफत असतात, नाव बाहेर जात नाही. आणि मुलांना वयात येताना स्वतः सांगा, निरोधाचं नाव घेऊन सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मोबाइल सांगेल, आणि तो काय सांगेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

राग आला असेल तर जरूर कळवा. पण आधी तपासणीचं बघा!