‘तीन महिने भेटायला येऊ नका’ म्हणाले, तर फोन ठेवा

घाटकोपर-मुलुंडच्या वन-बीएचकेमध्ये स्किझोफ्रेनियाचा पेशंट सांभाळणं काय असतं, ते ज्याच्या घरात आहे त्यालाच ठाऊक. रात्र रात्र जागरण, शेजाऱ्यांची कुरकुर, सांभाळणारी आई सत्तरीला टेकलेली. अशा घराने कधीतरी ‘कुठेतरी ठेवू या’ म्हटलं, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कुठे ठेवायचं, हे ठरवताना फार घाई होते.

बहुतेक वेळा सगळं फोनवरच ठरतं. जागा कर्जत, बदलापूर, पनवेल किंवा वसईकडची असते. ‘काळजी करू नका, आमची माणसं गाडी घेऊन येतील. फक्त पहिले तीन महिने भेटायला येऊ नका, पेशंट सेटल होऊ द्या.’ एवढं ऐकलंत की फोन ठेवा. वाजवी वेळी भेटायला येणाऱ्यांना भेटणं, फोन करणं हा पेशंटचा हक्क आहे, तो २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलेला आहे. भेटीच्या वेळा संस्थेने जरूर ठरवाव्यात. पण तीन महिन्यांत अंगावरचे वळ जातात, हेही लक्षात ठेवा.

गाडी पाठवून माणूस उचलून नेणं हा तर निराळाच प्रकार. पेशंटची स्वतःची तयारी नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने अर्ज करावा लागतो आणि दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. असं दाखल करणं ३० दिवसांपुरतं. ते सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत. चार दांडगे वॉर्डबॉय आणि ॲम्ब्युलन्स यांना कायदा तपासणी म्हणत नाही.

नावावर जाऊ नका. आश्रम म्हणा, पुनर्वसन केंद्र म्हणा, नशामुक्ती केंद्र म्हणा, मानसिक आजाराची माणसं ठेवून घेतली जात असतील तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. ‘आमचं ट्रस्ट आहे’ हे त्यावरचं उत्तर होत नाही. नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्यांदा दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. एवढ्याला कोण घाबरतं? म्हणून प्रमाणपत्र स्वतःच बघायला मागा.

मग आत चला. ऑफिसातल्या सोफ्यावर बसून चहा घेऊन परत फिरू नका. संडासाला दार आहे का, दाराला कडी आहे का, पाणी येतं का ते बघा. रात्री ग्रिलला कुलूप लागत असेल तर चावी कोणाकडे आणि तो झोपतो कुठे, हे विचारा. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत पहाटे अशाच एका होमला आग लागली आणि २८ माणसं गेली. पळता आलं नाही, कारण ती साखळ्यांनी बांधलेली होती. आता साखळीला कायद्याने पूर्ण बंदी आहे. हात-पाय बांधायचे तर मनोविकारतज्ज्ञाची परवानगी, लेखी नोंद आणि चोवीस तासांत तुम्हाला निरोप, एवढं व्हावंच लागतं. बळजबरीने टक्कल करणं, झाडू-पोछा करून घेणं, हेही चालत नाही. आणि हो, वाढदिवसाचे रील टाकणाऱ्या संस्थांना विचारा, त्या माणसाची संमती घेतली होती का?

औषधांकडे नीट बघा, सगळ्यात जास्त गडबड तिथेच असते. गोळ्या स्ट्रिपमधून दिल्या जातात की नाव नसलेल्या डबीतून? चार्टवर देणाऱ्याची सही आहे का? लिथियम किंवा क्लोझापीन चालू असेल तर वेळोवेळी रक्त तपासावंच लागतं, तेव्हा शेवटचा रिपोर्ट मागा. वजनाची नोंद मागा. दिवसभर झिंगून पडलेला पेशंट म्हणजे ‘शांत झालेला’ पेशंट नव्हे.

चांगल्या जागा आहेत. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांसाठी काम सुरू केलं ते आपल्याच उपनगरांतून. त्यांच्या श्रद्धा फाउंडेशनचं कर्जतचं केंद्र २००६ मध्ये उभं राहिलं, डॉ. भरत यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथला सगळा भर बरं करून घरी पोचवण्यावर. तुम्हीही पहिल्याच दिवशी विचारा, ‘हा घरी कधी येईल?’ ‘बघू’ म्हणाले तर दुसरी जागा शोधा. आणि हा प्रश्न स्वतःलाही विचारा, कारण ॲडमिट करून फोन नंबर बदलणारे नातेवाईकही असतात.

पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर संस्थेत लावलेला असलाच पाहिजे. पहिल्या भेटीतच त्याचा फोटो काढा, तक्रार तिकडेच करायची आहे. अडलंनडलं विचारायला सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत.

ज्यांचं माणूस आधीच कुठे ठेवलेलं आहे, त्यांनी या रविवारी जा. भेटीच्या वेळेतच जा, पण आगाऊ कळवू नका. फरसाणाचा पुडा द्या, मनगटं आणि घोटे बघा, त्याच्याशी दहा मिनिटं एकट्याने बोला, आणि निघताना त्याची फाइल मागून घ्या.