आहेरातली गोधडी

वैशाखातल्या लग्नपत्रिकांच्या तळाशी अलीकडे एक ओळ हमखास छापलेली आढळते : ‘कृपया आहेर आणू नये.’ तिच्यामागे संकोच असतो, सुधारणेची हौस असते आणि घरात आधीच साचलेल्या स्टीलच्या डब्यांची व भिंतीवरच्या घड्याळांची धास्तीही असते. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीतल्या गावांतही ही ओळ आता रूढ झाली आहे. तिला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु बाजारी वस्तूंना दार बंद होत असताना त्याच दाराने आणखी एक वस्तू मुकाट्याने बाहेर गेली, आणि तिच्या जाण्याची दखल कोणी घेतली नाही. ती वस्तू म्हणजे घरी, हाताने शिवलेली गोधडी.

गोधडी हा आहेर खरा. पण मांडवात ध्वनिक्षेपकावरून पुकारून देण्याचा नव्हे. मूल जन्माला आले की आजोळहून बाळंतविडा जाई. त्यात झबले, कुंची, टोपरे यांच्या जोडीला दुपटे असे, आणि ते नव्या कापडाचे असून चालत नसे. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेल्या आजीच्या लुगड्याचेच ते करावयाचे, कारण नव्या कापडाची खळ तान्ह्या मुलाच्या अंगाला बोचते. यात भावनेइतकाच व्यवहारही होता. सासरी जाणाऱ्या मुलीच्या ट्रंकेत तळाला एक गोधडी असे. तिच्यात आईचे एक लुगडे, काकीचे एक, क्वचित वडिलांच्या धोतराचे अस्तर. परक्या घरातल्या पहिल्या पावसाळ्यात तिला त्या गोधडीने किती सोबत केली असेल, हे तिने सहसा कोणाला सांगितले नाही.

आणि एक गोधडी मुंबईला जाई. दक्षिण कोकणातला तरुण गिरणीत लागला की गिरणगावातल्या चाळीत आपल्याच गावकऱ्यांच्या खोलीत उतरे. दहाबारा माणसांच्या त्या खोलीत प्रत्येकाच्या वाट्याला आलेली खाजगी मालमत्ता म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. वळकटीत गावची गोधडी. पाळीवरून आलेल्या माणसाने ती अंथरावी, दुसऱ्या पाळीच्या माणसाने आपली उचलून जावे, असा तो संसार. परतीच्या वाटेवर गिरणीचे कापड गावी येई आणि काही वर्षे अंगावर वापरून झाले की पुन्हा गोधडीच्या थरात जाई. ज्याने ते कापड मागावर विणले त्याच्याच अंगावर ते अखेर पांघरूण होऊन परत येत असे. १९४३ नंतरच्या कापड-नियंत्रणाच्या वर्षांत तर जुनेर टाकून देणे ही कल्पनाच कोणाला परवडणारी नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि हे चक्र थांबले. कित्येक जण वळकटी घेऊन गावी परतले. त्या संपाचा राजकीय हिशोब पुष्कळांनी मांडला आहे. वळकट्यांचा कोणी मांडलेला नाही, आणि तो मांडला जावा अशी अपेक्षाही नाही.

गोधडी फुकटात होते, हा समज मात्र दुरुस्त करणे आवश्यक आहे. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि चार पदरांची एक साधी गोधडी तयार होते. पावसाळ्यासाठी दोन लुगडी लागतात. सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून हे पदर सुरकुती न पडता पसरावयाचे, कडेने लांब टाके घालून ते बांधून घ्यावयाचे, आणि मग कडेकडून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर धरले तर ओळींची एकूण लांबी सव्वाशे मीटर भरते. एका सेंटिमीटरला एक टाका या हिशोबाने साडेबारा हजार टाके झाले. सराईत हाताने मिनिटाला दहा टाके घातले तरी एकवीस तासांच्या आसपास निव्वळ सुई चालवावी लागते. कापड धुणे, उसवणे, बेतणे, ठिगळे जुळवणे हे वेगळे. हे सगळे दिवस धरून तीन पुरे दिवस होतात, आणि ते सलग कधीच मिळत नाहीत. दुपारची भांडी घासून झाल्यावर पडवीत बसून तासा-तासाने जोडलेले ते दिवस असतात. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील दर २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने, म्हणजे माती उचलण्याच्या दराने, एका साध्या गोधडीची निव्वळ मजुरी नऊशे रुपयांच्या घरात जाते. हे नऊशे रुपये आजवर कोणत्याही घराच्या जमाखर्चात लिहिले गेलेले नाहीत.

मग ही वस्तू मागे का पडली? पहिले कारण कापडाचे. साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉन, टेरिलीन, टेरिकॉट आले. नऊवारी सुती लुगड्याची जागा सहावारी कृत्रिम साडीने घेतली. हे कापड झिजत नाही, म्हणून मऊही होत नाही. घाम शोषीत नाही; एका पदरावरून दुसरा पदर घसरतो आणि टाका ताण घेऊन तुटतो. गोधडीला लागते ते जीर्ण सूत, आणि जीर्ण होणारे कापडच घरात उरले नाही. दुसरे कारण दुकानातल्या केसाळ, रंगीत ब्लँकेटचे. ते स्वस्त आहे, हलके आहे, आणि कोकणच्या पावसात लवकर वाळते. हा शेवटचा गुण हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तेथे भिजलेली गोधडी आषाढात वाळवून दाखवावी, मगच ब्लँकेटला नावे ठेवावीत.

तिसरे कारण मात्र लाजेचे आहे. गोधडी म्हणजे दारिद्र्य, असे समीकरण शिकलेल्या घरांनी मनात पक्के केले. वास्तविक या देशात ठिगळांच्या वस्त्राला मान आहे, तो फार जुना. मगधातल्या भातखाचरांच्या बांधांसारखे तुकडे जोडून भिक्षूंची चीवरे शिवावीत, असे बुद्धाने आनंदाला सुचविल्याची कथा विनयपिटकात आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात कंथा येते. कर्जतच्या संताला लोकांनी गोधड महाराज म्हटले, आणि गाडगे महाराजांच्या अंगावरच्या चिंध्यांपुढे श्रीमंतांनी हात जोडले. पण साधूची कंथा वंदनीय आणि आजीची गोधडी पाहुण्यांपासून लपवण्याची, असा हा न्याय. पाहुणे आले की गोधड्या माळ्यावर जातात आणि दुकानातली चादर खाली येते, हे दृश्य कोकणातल्या शिक्षकाच्या व कारकुनाच्या घराला अपरिचित नसावे.

या लाजेवर उतारा आता शहराने शोधला आहे. मोठ्या शहरांतल्या दिमाखदार दुकानांत हातशिलाईच्या गोधड्या काही हजारांना विकल्या जातात. शिवणाऱ्या स्त्रीला त्यांतले किती मिळते, हा प्रश्न दुकानाच्या काचेवर लिहिलेला नसतो. तो केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या लहानशा वस्तीतील स्त्रिया जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या घरच्यांसाठी शिवीत आल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर टांगल्या गेल्या, समीक्षकांनी त्यांची आधुनिक चित्रकलेशी तुलना केली, २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. पुढच्याच वर्षी त्यांतल्या काही वृद्ध स्त्रियांना आपल्या वाट्यासाठी कोर्टात जावे लागले. कौतुक आणि मोबदला यांच्या वाटा वेगळ्या असतात, हे या प्रकरणाने पुरेसे स्पष्ट केले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो खोडता येण्यासारखा नाही. प्रेमाची भेट, मायेची ऊब असे म्हणत स्त्रियांचे श्रम फुकटात वापरण्याचीच ही रीत नव्हती काय? होती, बऱ्याच अंशी. गोधडी शिवणारी एक, पांघरणारे दहा आणि कौतुक करणारे शंभर. ‘आईच्या हातची गोधडी’ म्हणून गहिवरणाऱ्या पुरुषांपैकी सुईत दोरा ओवून देण्यापलीकडे किती जण गेले असतील? तेव्हा गोधडीची परंपरा टिकावी असे म्हणणाऱ्याने ती कोणाच्या पाठीवर टिकवावयाची, हेही सांगितले पाहिजे. विकावयाची असेल तर मजुरी पूर्ण द्यावी. द्यावयाची असेल तर देणाऱ्याने आपल्या हाताने शिवावी. देणारा पुरुष असला तरी.

गोव्यापलीकडे, उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या रानभागात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांची बोली कोकणीला जवळची. त्यांच्या स्त्रिया ‘कवंद’ नावाच्या गोधड्या शिवतात. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. ती बसल्याशिवाय कवंद पुरी झाली असे मानीत नाहीत. बंगालमध्ये गुरुसदय दत्त यांच्या संग्रहात एकोणिसाव्या शतकातील एक कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने ती आपल्या वडिलांसाठी शिवली आणि तसे अक्षरे भरून तिच्यावर लिहूनही ठेवले. म्हणूनच आज तिचे नाव ठाऊक आहे. मालवणी गोधडीवर नाव घालण्याची पद्धत नाही. शिवणारी गेली की दोन पिढ्यांत ‘ही कोणाची कोण जाणे’ एवढेच उरते, आणि एके दिवशी ती गाडी पुसायला निघते.

सिंधुदुर्ग जिल्ह्याला आपल्या कारागिरीची कदर नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी व गंजिफा यांचा लौकिक आहे. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण या सगळ्या कला राजाश्रयाने, देवळाने किंवा बाजाराने ओळखल्या. गोधडीला यांपैकी कोणाचाच आश्रय नव्हता; तिचा आश्रय घर हाच होता, आणि घराच्या आत चालणाऱ्या कामाला कला म्हणण्याची सवय अजून लागावयाची आहे.

ही सवय लावण्याचे काम शाळा करू शकते. कोठारी आयोगाने १९६६ सालीच कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. त्याचे पुढे बहुतेक ठिकाणी खडू-कागदांच्या फुलांत काय झाले, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, अशी तरतूद आहे. या दहा दिवसांतले चार दिवस किनारपट्टीच्या शाळांनी गोधडीला द्यावेत. गावातल्या शिवणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना वर्गात बोलवावे, आणि त्यांना नारळ व शाल देऊन परत न पाठवता मानधन द्यावे. मुले आणि मुली दोघांनीही सुई धरावी. लांबीचे, क्षेत्रफळाचे, मजुरीचे गणित त्याच गोधडीवर करता येते. वर एक गणित मांडलेच आहे. पुरी झालेली गोधडी विकू नये, प्रदर्शनात ठेवून बक्षीसही देऊ नये. प्रत्येक मुलाने एक लहान दुपटे शिवावे, कोपऱ्यात आपले नाव, ज्याचे कापड त्याचे नाव आणि साल टाक्यांनी घालावे आणि शेजारच्या घरी जन्मलेल्या मुलाला ते नेऊन द्यावे. ‘आहेर आणू नये’ असे बारशाच्या निमंत्रणावर छापलेले असले, तरी एवढा नियमभंग चालवून घेता येईल.

कोकणातल्या शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी, पावसापूर्वी, घराघरांतल्या गोधड्या धुऊन कातळावर वाळत पडलेल्या असतात. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा हे सांगू शकणारी माणसे काही घरांत अजून आहेत, आणि मुंबईची नातवंडेही त्याच महिन्यात तेथे असतात.